आंबा घाटात पिकअप तापते: कूलंट कोणतं घालू, आणि घातलेलं जातं कुठे?

हौदाभर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. पावसच्या बाजूला आमची थोडी कलमं आहेत आणि पेट्या न्यायला एक दीड टनी डिझेल पिकअप. सेकंडहँड घेतलेली, आता १ लाख ८० हजार किमी झालेत. मार्च ते मे आठवड्याला तीन-चार फेऱ्या कोल्हापूर मार्केटच्या. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट.

साखरप्यापर्यंत गाडी गुणी बाळासारखी असते. घाट लागला, दुसऱ्या गिअरवर आली, की मधल्या वळणांत काटा लाल रेषेकडे सरकायला लागतो. बापू (आमचा ड्रायव्हर, वडिलांच्या वेळेपासूनचा) गाडी कडेला घेतो, बॉनेट उघडतो, विडी पेटवतो. अर्ध्या तासाने झऱ्याचं पाणी रेडिएटरात ओततो आणि पुढे. मागच्या आठवड्यात एका फेरीत तीनदा थांबला. सौदा सुटायच्या वेळेला आम्ही अजून मलकापुरात. पेटीमागे किती गेले ते विचारू नका.

आता दुकानदार म्हणतो लाल कूलंट घाला, पाच वर्षं बघायला नको. गावातला मिस्त्री म्हणतो हिरवंच बरं, लाल आपल्या गाड्यांना चालत नाही. मेहुणा म्हणतो रेडिएटरच बदल. कुठलं घालू? आणि एक कोडं आहे: कूलंटची बाटली कायम ‘मॅक्स’च्या रेषेवर असते, म्हणजे कमी तर काही होत नाही. तरी बापूच्या म्हणण्याप्रमाणे दर फेरीला रेडिएटर लिटरभर पाणी पितो. दोघांतलं खरं कोण?

आळशी_वाचक
सतरंजी टाकून बसलोय. माझी पण तापते, पण ती कार आहे आणि मी डोंबिवलीत राहतो, त्यामुळे कारण माहीत आहे.

कांदाएक्स्प्रेस
हौदाभर भाऊ, कूलंट-बिलंट कंपन्यांचे धंदे आहेत. वीस वर्षं लासलगाव-वाशी करतोय, साधं पाणी घालतो. पहिलं काम करा: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप) काढून फेका. तो थंड मुलखातल्या गाड्यांसाठी असतो. आपल्याकडे बाहेरच चाळीस डिग्री, त्याला आणखी इंजिन गरम ठेवायचं कशाला? आणि रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळी घालून गाळ काढणं) करून घ्या. बस.

जुना_मिस्त्री
मिरजेत गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. हौदाभर, कूलंटचा रंग नंतर बघू. आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या, आणि ऐकीव नकोत, स्वतः बघून द्या.

१. सकाळी गाडी थंड असताना, चालू करायच्या आधी, रेडिएटरला वरून येणारा जाड होज पाइप बघा. गोल आहे की चपटा झालाय?
२. सकाळी निघाल्यावर मीटरचा काटा मधोमध यायला किती अंतर लागतं?
३. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि उलटं करून फोटो टाका. थंड असतानाच. हात लावल्यावर होज कोमट लागला तरी हात मागे घ्यायचा.

रसायनवाला
मिस्त्रीकाकांची उत्तरं येईपर्यंत रंगाचा निकाल लावून टाकतो. वंगण आणि कूलंटच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत.

रंग हा निव्वळ रंग असतो, सरबतात घालतात तसा. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं असतं तर दुसऱ्या कंपनीचं हिरवं नव्या पद्धतीचं. रंगाचं प्रमाणीकरण कुठेच नाही. त्यामुळे ‘लाल चालत नाही’ हे वाक्य ‘निळा शर्ट पचत नाही’ इतकंच शास्त्रीय आहे.

डब्यात मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल असतं. फरक असतो तो गंज रोखणाऱ्या द्रव्यांमध्ये. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट असे क्षार असतात. ते धातूवर आतून पातळ थर चढवतात, आणि ते झपाट्याने खर्ची पडतात. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लं असतात. ती सगळीकडे थर न देता गंज जिथे सुरू होईल तिथे काम करतात, म्हणून पाच वर्षं टिकतात. तिसरा प्रकार दोघांची भेळ. जपानी-कोरियन कंपन्या बहुधा सेंद्रिय आम्लं अधिक फॉस्फेट वापरतात आणि सिलिकेट टाळतात. युरोपीय कंपन्या फॉस्फेट टाळतात, कारण तिकडचं पाणी जड आणि फॉस्फेट जड पाण्यातल्या कॅल्शियमला धरून खाली बसतं.

घ्यायचं काय? गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो. पुस्तक हरवलं असेल तर डब्याच्या मागे आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ (भारतीय आणि जपानी मानकं) असं काही छापलंय का बघा. नुसतं ‘सुपर लाँग लाइफ’ लिहून मानकाचा पत्ता नसेल तर डबा परत ठेवा. आणि दोन प्रकार एकत्र करू नका. लगेच काही स्फोट होत नाही, पण पाच वर्षांचं आयुष्य गमावून बसता, आणि काही जोड्या तर चक्क लगदा धरतात.

हौदाभर
मिस्त्रीकाका, आज पहाटे टॉर्च घेऊन गेलो.

१. वरचा होज चपटा! कोणी पायाने दाबावा तसा, मधे दोन्ही बाजू जवळजवळ चिकटल्यात. बापूला विचारलं तर म्हणतो, “तो रोजच तसा असतो, गाडी चालू केली की फुगतो.” रोजच!
२. काटा नाणीज येईपर्यंत तळाला झोपलेला असतो. मधोमध तो कधी नसतोच. आधी तळाला, नंतर घाटात एकदम वर.
३. झाकणाचा फोटो टाकलाय. आतल्या रबराला भेग आहे, मधली छोटी चकती तांबड्या चिखलात रुतलेली. नखाने ओढून बघितली, हलत नाही. रेडिएटरात बोट घातलं तर चहाच्या गाळासारखं काहीतरी बोटाला लागलं. पाणी झाकणाच्या चार बोटं खाली, आणि बाटली ‘मॅक्स’ला.

जुना_मिस्त्री
झालं. बापू पण खरा आणि बाटली पण खरी.

इंजिन तापलं की आतलं पाणी फुगतं. झाकणातली मोठी स्प्रिंग ठराविक दाबापर्यंत धरून ठेवते, मग जादा पाणी बारीक नळीने बाटलीत सोडते. गाडी थंड झाली की पाणी आकसतं आणि आत ओढ तयार होते. तेव्हा झाकणातली ती मधली छोटी चकती उघडायची असते, म्हणजे बाटलीतलं पाणी परत रेडिएटरात येतं. तुमची चकती चिखलाने बसली. पाणी बाटलीत जातं, परत येत नाही. ओढ कुठेतरी निघायलाच हवी, म्हणून मऊ होज चपटा होतो. बाटली ‘मॅक्स’ला बघून तुम्ही खूश, आणि रेडिएटर चार बोटं रिकामा.

काट्यावरून दुसरं सांगतो: तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट नाही. आधीच्या मालकाने कोणाकडून तरी काढून घेतलाय. थर्मोस्टॅटचं घर (तो बसतो ती जागा) उघडून बघा आणि मला खोटं पाडा.

कांदाएक्स्प्रेस, रागावू नका, पण हा सल्ला मी स्वतः पहिली दहा वर्षं देत होतो, म्हणून बोलतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी थाळी असते. पाणी तापून वरचा रस्ता उघडला की ही थाळी आतल्या आत फिरणारा चोररस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर चोररस्ता कायम उघडा. मग निम्मं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतं. सपाटीवर कळत नाही, उलट गाडी थंडगार, डिझेल जास्त पिणारी. घाटात लोड आला की तीच गाडी उकळते. ‘थंड ठेवायला’ काढलेला थर्मोस्टॅट घाटात गाडी तापवतो, ते असं.

कांदाएक्स्प्रेस
रागावलो नाही काका. पण माझी गाडी कसारा उतरते तेव्हा लोड असतो, चढते तेव्हा रिकामी. हे मात्र आत्ता डोक्यात आलं. यांचा लोड चढाला आहे.

आळशी_वाचक
धाग्यात पहिल्यांदाच कोणीतरी स्वतःहून दोन पावलं मागे आलं. स्क्रीनशॉट घेतला.

रसायनवाला
झाकणाचं महत्त्व आकड्यांत सांगतो, कारण कूलंटच्या जाहिराती हे सांगत नाहीत.

साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं आणि दर तीनशे मीटर चढाला साधारण एक अंश कमी होतो. म्हणजे घाटमाथ्यावर ९८ च्या आसपास. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी केलंत तर १०७ च्या जवळपास. फायदा सात-आठ अंशांचा. आता ०.९ (दाबाचा) आकडा असलेलं धड झाकण लावा: नुसतं पाणीही ११८ पर्यंत उकळत नाही, आणि कूलंटचं मिश्रण सव्वाशेच्या पुढे जातं. न उकळण्याचं मोठं काम अडीचशे रुपयांचं झाकण करतं. कूलंट आठ अंश देतं, झाकण अठरा.

मग कूलंट कशाला? उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरसच आहे, कांदाएक्स्प्रेसना तेवढं श्रेय देतो. पण बोटाला लागलेला तो चहाचा गाळ म्हणजे इंजिनचं लोखंड आहे. तो गाळ झाकणात बसला, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला, पंपाच्या सीलला घासतोय. कूलंट असतं तर हे झाकण रुतलं नसतं.

कांदाएक्स्प्रेस
पण यांनी तर झऱ्याचं पाणी घातलंय. आमच्यासारखं बोअरचं नाही. आमच्याकडे किटलीत पांढरा थर धरतो, ते घालू नये हे मान्य. झऱ्याचं पाणी गोड असतं.

रसायनवाला
चांगला मुद्दा. बोअरचं पाणी जड. तापलं की चुना नळ्यांत धरतो. सह्याद्रीतल्या झऱ्याचं पाणी मऊ, चुना जवळजवळ नाही. पण मऊ पाण्यात विरघळलेली हवा असतेच, आणि दर फेरीला ताजं लिटरभर म्हणजे दर फेरीला ताजा ऑक्सिजन. म्हणून यांच्याकडे पांढरा थर नाही, तांबडा गाळ आहे. दोन्ही ठिकाणी नळी बुजते, रंग तेवढा वेगळा. :)

मिसळायला बॅटरीवाल्याकडचं डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) घ्या, पाच लिटरचा कॅन मिळतो. घरच्या आरओचं पाणी नाइलाज असेल तर ठीक, त्यात थोडे क्षार उरतातच. एसीतून ठिबकणारं पाणी ‘डिस्टिल्ड’ म्हणून घालणारे महाभाग मी पाहिलेत. ते कॉइलवरची धूळ धुऊन आलेलं असतं, घालू नका.

उणे_तीस
कॅनडातल्या एडमंटनहून. मूळचा चिपळूणचा, इथे माझी पण पिकअप आहे, आणि इथे कूलंटला कूलंट कोणी म्हणत नाही, अँटिफ्रीझ म्हणतात. जानेवारीत उणे तीसला साधं पाणी घातलेली गाडी रात्रभर बाहेर ठेवली तर बर्फ फुगून इंजिनचा ब्लॉकच तडकेल. म्हणून पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या नाकातून प्लगची वायर लोंबते. रात्री इंजिन गरम ठेवणारा हीटर विजेला लावायचा.

एक गंमत: मला वाटायचं, थंडी जास्त तर ग्लायकॉल जास्त, मग निव्वळच ओतू. निव्वळ ग्लायकॉल उणे तेरालाच गोठतं! पाणी निम्मं घातलं की उणे सदतीसपर्यंत जातं. दोघांनी मिळून गोठायचं टाळायचं असा संसार आहे. तुम्हाला कोकणात गोठण्याशी देणंघेणं नाही, पण ‘पाणी न घालता कडक कूलंट’ हा शहाणपणा तिकडेही ऐकलाय, म्हणून लिहिलं. निव्वळ ग्लायकॉल उष्णताही कमी वाहतं.

गुरांची_डॉक्टर
सगळे इंजिनाची काळजी करताहेत म्हणून थोडं बाहेरचं बोलते. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं आणि जबर विषारी. गॅरेजच्या दारात सांडलेलं कुत्री-मांजरं चाटतात, पहिले काही तास प्यायल्यासारखी झोकांड्या खातात. लोकांना हसू येतं. मग जरा बरी दिसतात. मग मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे होऊन मरतात, आणि तोवर आणून माझ्या हातात काही नसतं. वासरांनाही तेच, माणसांच्या पोरांनाही तेच. हौदाभर, तुम्ही ते जुनं पाणी काढाल ते पन्हाळीत किंवा कलमाच्या आळ्यात ओतू नका. आणि पाण्याच्या बाटलीत तर कूलंट कधीच ठेवू नका. हिरवं-गुलाबी, गोड, बिसलेरीच्या बाटलीत. पुढचं सांगायला नको.

हौदाभर
डॉक्टरबाई, आभार. आमच्या आवारात दोन कुत्री आणि एक पाडी आहे, अंगावर काटा आला.

मिस्त्रीकाका, घर उघडलं. थर्मोस्टॅट नाही. नुसता गॅस्केटचा गोल. साष्टांग. उद्या काम काढतोय. सगळं पाणी खालच्या नळाने सोडून रेडी-मिक्स (निम्मं पाणी आधीच मिसळलेलं) कूलंट भरू ना? आणि मेहुणा म्हणतोय धुण्याचा सोडा घालून आतून उकळून काढ, गाळ निघेल.

जुना_मिस्त्री
सोडा नको! तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या काळातला उपाय आहे तो. तुमचा रेडिएटर आणि हेड ॲल्युमिनियमचं, सोडा ॲल्युमिनियम खातो. साध्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा, दर वेळी इंजिन तापवून, थंड होऊ देऊन. घाई करून तापल्या इंजिनात गार पाणी ओतलंत तर हेडला तडा. बापूला विचारा, अर्धा तास थांबायला त्याला कोणी शिकवलं. शिकवणारा शहाणा होता.

नवीन थर्मोस्टॅट बसवायच्या आधी स्वयंपाकघरात न्या. दोऱ्याने पातेल्यात टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, पाणी तापवायचं. त्यावर ८२ असं कोरलेलं असतं, त्याच्या आसपास तोंड उघडायला हवं. नव्यातलेही बिघडलेले निघतात.

झाकण त्याच आकड्याचं घ्या. दुकानदार १.१ देऊन ‘चालतं’ म्हणेल. जुने होज आणि रेडिएटर जादा दाब सोसतील की नाही ते घाटात कळेल.

आणि रेडी-मिक्सचा हिशेब चुकतोय. पुस्तकात क्षमता किती दिलीय?

हौदाभर
९ लिटर. खालच्या नळाने काल मोजून ५ निघालं.

जुना_मिस्त्री
मग ४ लिटर साधं पाणी ब्लॉकमध्येच आहे. ब्लॉकचा बोल्ट एवढ्या गंजानंतर सुटणार नाही, ताकद लावू नका. त्यावर ५ लिटर रेडी-मिक्स भरलंत तर त्यात ग्लायकॉल अडीच लिटर, एकूण नवात अडीच. अठ्ठावीस टक्के. पैसे निम्म्या-निम्म्याचे, माल पाव.

तुम्ही निव्वळ कूलंट घ्या, ज्यावर ‘कॉन्सन्ट्रेट’ असतं ते. शेवटचं धुणं डीएम वॉटरने करा. पाच लिटर काढलंत की आधी साडेचार लिटर निव्वळ कूलंट, वरचं अर्धा लिटर डीएम वॉटर. झालं निम्मं-निम्मं. भरताना गाडीचं तोंड चढाला, हीटर फुल्ल, झाकण उघडं, इंजिन हळू चालू. वरचा होज एकदम गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी गपकन खाली जाईल, बुडबुडे येतील, तेवढं परत भरायचं. ही हवा राहिली तर नव्या कूलंटनेही तापेल.

त्याच वेळी बुडबुड्यांवर नजर ठेवा. थांबतच नसतील, सतत येत असतील, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं. मग हा धागा वेगळ्या दिशेला जाईल.

रसायनवाला
हिशेब अगदी बरोबर. वाचनखूण साठवली.

आळशी_वाचक
आजपर्यंत वाटत होतं ‘अठ्ठावीस टक्के’ फक्त जीएसटीत असायचं.

हौदाभर
अपडेट. उशीर झाला, सीझन चालू आहे.

पाणी पाच वेळा धुतलं. पहिल्या वेळी विटेच्या रंगाचं, तिसऱ्या वेळी चहा, पाचव्या वेळी लिंबू सरबत. थर्मोस्टॅट आईच्या पातेल्यात उकळला (पातेलं आता माझं, असा निकाल झालाय). आमच्या थर्मामीटरवर ८३ ला हलका ‘टक्’ होऊन उघडला. बापू चुलीशी उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, “एवढासा जीव, आणि आम्ही ह्याला फेकून देत होतो.”

बुडबुडे दहा मिनिटांत थांबले. ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही. मधेच एक सापडलं ते कोणी विचारलं नव्हतं: रेडिएटरच्या पुढच्या जाळीत पेट्यांतला पेंढा आणि किडे गच्च बसले होते. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, नळाच्या साध्या धारेने धुतलं. घमेलंभर निघालं.

काल बापू सत्तर पेट्या घेऊन गेला. काटा पालीच्या आधीच मधोमध आला आणि घाटात एक रेघ वर गेला, तेवढाच. थांबला नाही. म्हणजे थांबला, पण विडीसाठी. मलकापूरला पोचून फोन केला, “काटा बिघडला बहुतेक, हलतच नाही.”

आज सकाळी होज गोल होता. रेडिएटर काठोकाठ. बाटलीवर मार्करने रेघ मारून शेजारी तारीख घातलीय.

जुना_मिस्त्री
छान. आता आठ दिवस रोज सकाळी झाकण उघडून बघा, बाटली नाही. पातळी हलली नाही तर मग बाटलीवर विश्वास ठेवा. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथे कूलंटचा सुकलेला डाग दिसला तर पंपाचं सील चाललंय. इतकी वर्षं गाळ फिरलाय, जाऊ शकतं. डाग दिसला तर कळवा.

कांदाएक्स्प्रेस
काका, माझ्या गाडीचा होज बघितला. चपटा नाही, गोल आहे. पण झाकण उघडलं तर आत पांढरं खडूसारखं साचलंय. वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

जुना_मिस्त्री
इथेच विचारा. फोटो टाका. थंड असताना.

गुरांची_डॉक्टर
जुन्या पाण्याचं काय केलंत?

हौदाभर
धुतलेल्या पाण्यात कूलंट जवळजवळ नव्हतंच, तरी पहिलं पाच लिटर कॅनमध्ये भरून कुलपात ठेवलंय. रत्नागिरीतला एक गॅरेजवाला त्याच्या पिंपात घेतो म्हणालाय. कोणी चुकून उघडू नये म्हणून बापूला कॅनवर नाव घालायला सांगितलं. त्याने पेट्यांच्याच काळ्या रंगाने मोठ्ठं ‘विष’ लिहिलंय, आणि हात सवयीचा, खाली ‘५ डझन’ पण घातलंय.